दोन पिनांमधली तार

ही हकीकत मी टाळत आलो. तारेच्या नोकरीतल्या जुन्या आठवणी सांगा म्हणून मला लोकांनी अनेकदा बसवलं, आणि मी सांगितल्याही. येलदरीच्या ताटलीचा विषय निघाला की मात्र मी मेंढ्यांचा किस्सा सांगायचो, लोकांना हसवायचो आणि प्यायला पाणी मागायचो. पाणी येईपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. बायको एकदा म्हणाली होती, "तुम्हाला येलदरी म्हटलं की तहान कशी लागते हो?" ती गेली तेव्हाही हे माझ्या पोटातच होतं.

एका म्हाताऱ्या माणसाला माझ्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. त्याच्या मुलानं निरोप पाठवला होता की नाही? उत्तर मला ठाऊक होतं. ते मी दिलं नाही. हे सगळं लिहिणं तेवढ्यासाठीच आहे. बाकी जे येईल ते आठवणींच्या ओघात येईल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी परभणीला टेलिप्रिंटर दुरुस्त करणारा मेकॅनिक होतो. टेलिप्रिंटर म्हणजे तारेवर चालणारा टाइपरायटर. इकडं टाइप करावं, तिकडं आपोआप उमटावं. त्या हिवाळ्यात उपग्रहाचा एक प्रयोग करायला बाहेरून माणसं आली. त्यांनी एक ताटली, म्हणजे ताटासारखी मोठी अँटेना, परभणीला मैदानात उभी केली आणि दुसरी येलदरीच्या जलाशयाकाठी, बाभळींच्या शेजारी. पावसाळ्यात धरणाची टेलिफोनची तार वरचेवर तुटायची, म्हणून धरणाचे निरोप आकाशातून परभणीला नेता येतात का, ते पाहायचं होतं. टेलिप्रिंटर सांभाळायला मला तिकडं पाठवलं.

माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असा एक ऑपरेटर तिथं नेमला होता. तो धरणाखालच्या गावचा. त्याच्या वस्तीनं धर्म बदलून बौद्ध धम्म घेतला तेव्हा तो दुसरी-तिसरीत असेल. नंतर वडिलांनी त्याला परभणीला ठेवून मॅट्रिक केलं आणि टायपिंग शिकवलं. नोकरी हंगामी होती, पण त्यांच्या वस्तीत यंत्रापाशी खुर्चीवर बसणारा तो पहिलाच. मला तो 'भाऊ' म्हणायचा. बोटं इतकी हलकी की यंत्र त्याच्या हाताखाली खडखडायचं नाही, पावसासारखं वाजायचं.

पहिल्याच आठवड्यात एक मेंढपाळ कळप घेऊन आला आणि ताटलीखाली उभा राहून वर बघत राहिला.

"एवढी मोठी परात कुणाच्या लग्नाची?" त्यानं विचारलं.

"आभाळाच्या," ऑपरेटर म्हणाला.

"मंग जेवण कवा हाय?"

"पंगत बसली की सांगतो. तुमच्या मेंढ्या काढा आधी, वऱ्हाड आल्यागत बसल्यात."

मेंढ्या खरंच ताटलीच्या सावलीत बसल्या होत्या आणि एक तर केबलला अंग घासत होती. हाच तो किस्सा. तो सांगून मी वर्षानुवर्षं सुटलो.

तंबूत आमच्या टेलिप्रिंटरशेजारी एक करड्या रंगाची पेटी होती. तिला मोडेम म्हणत. टेलिप्रिंटरला फक्त एवढंच कळतं की वीज वाहते आहे किंवा थांबली आहे. आकाशाला ती भाषा समजत नाही. मोडेम त्या थांबण्या-वाहण्याचे सूर करून ताटलीकडे द्यायचा, आणि आकाशातून आलेल्या सुरांचं पुन्हा थांबणं-वाहणं करून यंत्राला द्यायचा. दोघांच्या मध्ये बऱ्याच पिनांचा एक रुंद प्लग होता. आलेल्या अभियंत्यानं त्यातल्या मोजक्याच पिना आम्हाला समजावल्या. हा माणूस पुण्याकडचा, अतिशय सभ्य, बोलताना चष्मा काढून पुसणारा.

"एका पिनेवरून तुमची अक्षरं जातात, दुसरीवरून येतात," तो म्हणाला. "पण महत्त्वाच्या या दोन. ह्या पिनेवरून तुमचं यंत्र विचारतं, मी पाठवू का? मोडेम आकाशाकडे कान लावून बघतो. उपग्रहाचा सूर नीट ऐकू येत असेल, तर ह्या दुसऱ्या पिनेवरून तो सांगतो, पाठव. तेव्हा हा हिरवा दिवा लागतो. सूर हरवला की तो 'पाठव' मागे घेतो, दिवा विझतो आणि कळफलक अडकतो. अर्धा शब्द झाला असला तरी थांबायचं."

मी म्हणालो, "आमच्या तारेला असं काही विचारावं लागत नाही."

ऑपरेटर हसला. "भाऊ, तुमाला नवीन असंल. आमाला न्हाई. उंबऱ्याबाहेर थांबून 'घालता का पाणी' म्हणायचं आन् वरून 'धर' म्हणेपर्यंत ओंजळ तशीच धरायची, हे लहानपणीच पाठ झालंय. हा मोडेम आमच्या वळखीचाच हाय."

अभियंता चष्मा पुसत राहिला. मी खाली बघून पेचकस शोधला. आमच्या घरातही तसाच एक उंबरा होता.

पण यंत्राबाबत मी आणि ऑपरेटर ज्या गुरूंच्या हाताखाली शिकलो त्यांचा एक मंत्र होता, आणि पुढचं सगळं त्या मंत्रानं केलं. तारेवर दोन्ही टोकांची यंत्रं एकाच प्रवाहावर बसलेली असत, एका दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी. दोरा कुठंही तुटला की आपलंच यंत्र आधी बिघडायचं, अक्षर न उमटवता नुसतं खडखडायचं. म्हणून आम्हाला शिकवलेलं: आपल्या कागदावर नीट उमटलं की तिकडंही उमटलं. हे आमच्या अंगात इतकं भिनलं होतं की तार गेली का, असं कुणी विचारलं तर आम्ही आपल्याच कागदाकडं बघायचो.

मोडेमच्या बाबतीत हे खरं नव्हतं. ऑपरेटरला आपण काय टाइप केलं ते दिसावं म्हणून पेटीतच एक वाट काढली होती. अक्षर तिथूनच परत फिरून आमच्या कागदावर उमटायचं. आकाशात गेलेल्या अक्षराशी त्याचा संबंध नव्हता. अभियंत्यानं हे सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि समजणं यात किती अंतर असतं, ते आज कळतं.

ते दिवस आता स्वप्नात पाहिल्यासारखे वाटतात. जलाशयावर सकाळी धुकं, धुक्यात कोळ्यांच्या होड्या नुसत्या काळ्या रेघा, आणि त्यांच्यावर ती पांढरी ताटली, आकाशाच्या एकाच बिंदूकडे टक लावून. त्या बिंदूत काहीच दिसत नसे. यंत्राच्या जोडीला बोलायचा एक फोनही होता. त्यात 'हॅलो' म्हटलं की परभणीचं उत्तर यायच्या आधी एक पोकळी यायची. क्षणाचाही काही भागच, पण जाणवायची. निरोप पृथ्वी सोडून एवढ्या लांब जातो आणि खाली उतरतो, त्यात लागलेला तो वेळ. ऑपरेटर त्याला आभाळाचा श्वास म्हणायचा. कधी कधी आपलाच आवाज त्या पोकळीतून परत यायचा, जरा थकलेला, जरा अनोळखी. मी काम नसतानाही तो फोन कानाला लावून बसायचो. परभणी बसनं अर्ध्या दिवसात गाठता यायची. आमचा शब्द मात्र तिथं जाताना चंद्राच्या वाटेला लागून परत फिरायचा.

ऑपरेटरचे वडील आणि वस्तीतली आणखी काही घरं मिळून नदीच्या पात्रात टरबुजांची वाडी करत. धरणाखाली हिवाळ्यानंतर वाळू उघडी पडते. वाळूत खड्डे करायचे, खत घालायचं, वेल लावायचे आणि होळीपर्यंत पात्रच्या पात्र हिरवं करून टाकायचं. स्वतःची जमीन नसलेल्यांचं ते शेत. मध्येच एक खोपी, तिथं म्हातारा राखणीला राहायचा. भीती एकच, धरणातून पाणी सुटण्याची. पण पाणी सुटायच्या आधी निरोप यायचा. धरणाकडून परभणीला, परभणीहून तालुक्याला, तालुक्याहून गावाला. इथून कोस-दोन कोसांवरच्या गावाला निरोप असा जिल्ह्याला वळसा घालून यायचा. आला की वस्तीतली सगळी माणसं पात्रात उतरत आणि पिकलेली फळं काठावर आणून ठेवत. धरणाचा भोंगा तिथवर ऐकू येत नसे.

एका रविवारी ऑपरेटर मला वाडीवर घेऊन गेला. म्हाताऱ्यानं एक टरबूज हातात घेऊन त्यावर टिचकी मारली, कान लावला, खाली ठेवलं, दुसरं घेतलं. मग बुक्की घालून फोडलं आणि मधला गर मला दिला.

"साहेब, हा म्हणायलाय निरोप वर जाऊन खाली येतो. खरं का?"

"खरं आहे."

"वर कोन बसलंय?"

"कुणी न्हाई बाबा," मुलगा म्हणाला. "नुसतं यंत्र हाय, फिरायलंय."

म्हाताऱ्यानं बोटं चाटली. "मंग लय बरं झालं. मधी मानूस नसला की निरोप सरळ पोचतो. आमचे निरोप आजवर मधल्या मानसानीच खाल्ले."

"आता तुमचा लेकच पाठवतो की," मी म्हणालो.

"त्यावरच तर खोपीत पाय पसरून झोपायलोय ह्या साली," तो म्हणाला आणि हसला. पुढचे दोन दात नव्हते.

होळी जवळ आली तशी दुपार कलताना यंत्र थांबायला लागलं. हिरवा दिवा विझायचा, कळफलक अडकायचा, थोड्या वेळानं पुन्हा सुरू. मी सगळी पेटी उघडून पाहिली. अभियंता म्हणाला, "काही बिघडलेलं नाही. या दिवसांत सूर्य दुपारी नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येऊन उभा राहतो. ताटली तिकडेच बघत असते, त्यामुळे तिच्या कानात सूर्याचाच गोंगाट भरतो आणि उपग्रहाचा बारीक सूर बुडतो. सूर्य सरकला की सगळं ठीक. तोवर थांबू द्या त्याला."

ते डोळ्यांनीही दिसायचं. ताटलीच्या पुढं तीन दांड्यांवर लहरी झेलणारं एक शिंग बसवलेलं होतं. त्याची सावली दिवसभर ताटलीवर फिरायची, आणि त्या वेळी बरोबर मधोमध यायची, कपाळावरच्या टिळ्यासारखी. मी बाहेर जाऊन बघत उभा राहायचो. इतक्या लांबचा सूर्य, न दिसणारा उपग्रह आणि आमची ताटली एका रेषेत आलेली. मला त्यात काहीतरी मोठं घडत असल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी मुंबईहून काही पाहुणे प्रयोग बघायला आले आणि नेमकं त्यांच्यासमोर यंत्र शब्दाच्या मध्येच थांबलं. एक जण म्हणाला, "हे पावसाळ्यात काय करणार?" दुसरा हसला. अभियंता सूर्याचं समजावून सांगत होता, पण माझे कान तापले होते. यंत्र माझं होतं. दुसऱ्या दिवशी ते परत येणार होते. मी सकाळी पेटीचं झाकण काढलं आणि एक वीतभर तार घेऊन त्या दोन पिना एकमेकींना जोडून टाकल्या. विचारणारी पिन आणि उत्तर देणारी पिन. आता यंत्र 'पाठवू का' म्हणायचं आणि त्याचाच प्रश्न त्याच्याकडे 'पाठव' होऊन परत यायचा. मोडेमला कुणी विचारतच नव्हतं. हिरवा दिवा लागला तो लागलाच.

तारेच्या लोकांना असल्या युक्त्या येतातच. तुटक्या दोऱ्याला गाठ मारून काम चालवणारा मेकॅनिक हुशार समजला जायचा. शिवाय माझ्या मनात तो मंत्र होताच: कागदावर उमटतंय ना, मग जातंय. पाहुणे आले, त्यांनी पाहिलं, यंत्र पावसासारखं वाजत राहिलं. ते खूश होऊन गेले. त्यांना पोचवायला अभियंता परभणीला गेला. तार काढायची म्हणून मी ठरवलं आणि काढली नाही. यंत्र इतकं गोड चाललं होतं. ऑपरेटरला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. कौतुक ऐकताना राहून गेलं.

त्याच्या पुढच्याच दिवशी धरणावरचा शिपाई निरोप घेऊन आला. प्रयोगाच्या दिवसांत धरणाचे निरोप टेलिफोनऐवजी आमच्याकडूनच जात. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त पाणी सोडणार आहेत, पात्र रिकामं करायला सांगा. त्यांनी वेळेवर कळवलं होतं, त्यांची काही चूक नव्हती. आमची दुपारची पाळी सुरूच होती. उपग्रह आम्हाला दिवसातून थोडा थोडा वेळच मिळायचा. दुपारी फोन बंद ठेवून आम्ही नुसतं यंत्रावर पाठवायचं, आणि परभणीची पोच आम्हाला दिवस मावळतानाच्या पाळीत मिळायची.

ऑपरेटर बसला. पेटीवर एक स्विच होता, तो घरच्या बाजूला राहिला तर निरोप बाहेर न जाता नुसता इथल्या कागदावर उमटायचा. तो तारेच्या बाजूला आहे ना, ते त्यानं बोट ठेवून पाहिलं. हिरवा दिवा पाहिला. मग टाइप केलं. त्या दिवशी तो जरा सावकाश टाइप करत होता, प्रत्येक अक्षर चेपून. सगळा निरोप त्यानं दोनदा पाठवला. मी तंबूच्या दारात उभा होतो. बाहेर शिंगाची सावली ताटलीच्या बरोबर मधोमध आलेली मला दिसत होती. किती सुंदर, असंच माझ्या मनात आलं. तेवढंच आलं.

कागद फाडून हातात घेऊन तो बाहेर आला.

"भाऊ, सायकल घेऊन वाडीवर सांगून येऊ का? बाबा खोपीतच असतील."

"आणि इकडं कोण बघणार? साहेब नाहीत. पाळी संपली नाही अजून."

"तासाभरात येतो की."

"अरे, कागद नीट उमटला ना?"

"उमटला."

"मग पोचला. तुझ्याआधी तालुक्याचा माणूस जाईल तिथं. बस."

तो कागदाकडं बघत राहिला. "व्हय, उमटलाय खरा," म्हणाला आणि बसला. मी सांगितलं म्हणून बसला. हे वाक्य मला दोनदा लिहायला हवं.

दिवस मावळतानाची पाळी सुरू झाली. परभणीचं यंत्र बोलायला लागलं, आणि पहिलीच ओळ आली: दुपारी तुमच्याकडून काहीच आलं नाही, सगळं ठीक आहे ना?

ऑपरेटर उठला तेव्हा खुर्ची मागं पडली. तो सायकलीकडं धावला. मी एकटा राहिलो. त्या क्षणी मला सगळं एकदम दिसलं: टिळ्यासारखी सावली, सूर्याचा गोंगाट, विझायला हवा होता तो दिवा. माझे हात माझ्याआधी हलले. मी झाकण काढलं, तार ओढून काढली, खिशात घातली, झाकण लावलं. त्यानंतर मी त्याच्यामागं गेलो. त्यानंतर. हा क्रम मी कितीतरी वर्षं मनात उलटा करून पाहिला. तो उलटा होत नाही.

काठावर पोचलो तेव्हा नदी भरून चालली होती. आवाज फारसा नव्हता. पाण्यावर शेवटचा उजेड होता आणि त्या उजेडातून टरबुजं चालली होती. एकामागून एक, गटागटानं, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची, अर्धी पाण्यात अर्धी वर, सावकाश गोल फिरत. काहींना वेल तसेच लागलेले. कुणी ओरडत नव्हतं. वस्तीतली माणसं ओळीनं काठावर उभी राहून बघत होती. इतकं शांत, इतकं देखणं नुकसान मी पुन्हा पाहिलं नाही. आजही झोपेत ती फळं येतात. कधी कधी ती नदीतून न जाता आकाशातून जातात, त्या बिंदूकडे, आणि परत येत नाहीत.

म्हातारा वाचला होता. खोपीत पाणी शिरल्यावर तो मधल्या खडकावर चढला होता, आणि दोन कोळी दोर टाकून त्याला घेऊन आले होते. अंगावर घोंगडी, दात वाजत होते. मुलगा त्याच्यापाशी उकिडवा बसला होता.

"बाबा, मी धाडला व्हता निरोप. हे बगा कागद."

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. शेजारच्या एका बाईनं कागद हातातून घेतला आणि नदीत टाकला. "कागद दाखवायलाय! हितनं हाक मारली असती तरी आलो असतो आमी. खुर्ची सुटंना व्हय रे तुजी?"

 त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, मी सांगेन अशी त्याला आशा होती की मीच त्याला बसवलं होतं. निदान तेवढं.

दोन दिवसांनी अभियंता आला. त्यानं पेटी उघडली, प्रत्येक पिन तपासली. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं शांतपणे हिशेब मांडला: सूर नसता तर कळफलक अडकला असता, अडकला नाही, म्हणजे सूर होता, सूर असून परभणीला गेलं नाही, म्हणजे स्विच घरच्या बाजूला राहिला असणार आणि निरोप नुसता इथल्या कागदावर उमटला असणार. प्रामाणिक माणूस होता. त्याच्यासमोर जे होतं त्यावरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता.

"तुम्ही काही बदल केला नव्हता ना?" त्यानं मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

ऑपरेटर म्हणाला, "मी स्विच बघितला व्हता. बोट ठेवून बघितला व्हता." मग तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र म्हणाला नाही. त्याला कामावरून काढलं नाही, पण ठरलेली मुदत संपल्यावर पुढं बोलावलंही नाही.

त्याच आठवड्यात म्हातारा काठी टेकत तंबूपाशी आला. मुलगा आत होता. म्हातारा आत आला नाही. ताटलीखाली, मेंढ्या बसायच्या तिथं उभा राहून त्यानं मला हाक मारली.

"साहेब, टरबुजाचं जाऊ द्या. नदीचं व्हतं, नदीनं नेलं. वस्ती मला बोलायलीय, तेबी मी ऐकून घेतो. तुमी फकस्त एक सांगा. माझ्या पोरानं निरोप धाडला व्हता का न्हाई?"

तंबूतला यंत्राचा आवाज थांबला. मुलगा ऐकत होता.

"यंत्र ठीक होतं, बाबा," मी म्हणालो.

"यंत्राचं न्हाई इचारलं मी. पोराचं इमान इचारलं."

मी ताटलीकडं पाहिलं, जणू उत्तर तिकडून येणार होतं. "मी तेव्हा बाहेर होतो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "बरं," म्हणाला आणि गेला. आत यंत्र पुन्हा सुरू झालं, पण ते पावसासारखं वाजत नव्हतं.

प्रयोग संपला. ताटली उतरवून ट्रकवर चढवली, तेव्हा तिच्याखालचा गवताचा गोल तेवढा पिवळा राहिला होता. मी परभणीला परतलो, मला बढती मिळाली. ती तार मी बरीच वर्षं हत्यारांच्या डब्यात ठेवली होती. मग एकदा घर बदलताना ती हरवली, आणि हरवल्याचं मला वाईट वाटलं.

दोन उन्हाळे गेल्यावर मी ठरवून वाडीवर गेलो. बसमध्ये वाक्य पाठ करत गेलो. म्हातारा पुन्हा वाळूत होता. या वेळी वाडी काठाला धरून, लहानशी, आणि खोपीत तो एकटाच. वस्तीतल्या बाकीच्या घरांनी त्याच्याबरोबर भागी करणं सोडलं होतं. मला त्यानं लगेच ओळखलं.

"या साहेब, बसा." त्यानं टिचकी मारून फळ निवडलं, बुक्कीनं फोडलं आणि मधला गर पुढं केला.

"मुलगा कसा आहे?"

"हाय बरा. तिकडं देवगाव फाट्याकडं शाळेत शिकवायलाय." त्यानं हातातली साल वाळूत ठेवली. "येतो सणासुदीला. बोलतो. आधीवानी न्हाई बोलत." मग वाळूवर बोटानं रेघ ओढत म्हणाला, "मी त्याला म्हनलो व्हतो साहेब, तू सांगितलंस तर धाडलाच असशील. पर आतून मला वाटंना. त्ये त्याला कळतंय."

माझं तोंड गोड गरानं भरलेलं होतं. वाक्य त्याच्यामागं तयार होतं, पाठ होतं. मी गर गिळला आणि म्हणालो, "फळ फार गोड आहे." बिया मी मुठीत धरल्या होत्या, त्या परभणीपर्यंत तशाच राहिल्या.

पुढं कितीतरी वर्षांनी देवगाव फाट्यावर बस थांबली तेव्हा तो दिसला. शिक्षक म्हणून निवृत्त झालेला, केस पांढरे. त्यानंच मला चहा पाजला. मी विचारलं, "बाबा?"

"गेले. पाचेक वर्षं झाली." त्यानं बशी खाली ठेवली. माझ्याकडं तसंच पाहिलं, जसं काठावर पाहिलं होतं. त्यात राग नव्हता, फक्त वाट बघणं होतं, ओंजळ धरून उभ्या असलेल्या माणसाचं. कंडक्टरनं घंटी दिली. तो म्हणाला, "जावा भाऊ, गाडी सुटायलीय." आणि मी गेलो. यंत्र विचारतं, मोडेम 'पाठव' म्हणतो. त्या दिवशी समोरचा 'पाठव' म्हणत होता आणि मीच पाठवलं नाही.

निरोप एवढाच होता. बाबा, तुमच्या मुलानं निरोप धाडला होता. वेळेवर, दोनदा, स्विचवर बोट ठेवून. सायकलीवर तो तुमच्याकडं यायलाही निघाला होता, मी त्याला बसवलं. वर कुणी नव्हतं, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मधे मी होतो. मला माफ करा.